एकनाड

माझ्या बायकोच्या मामांना न्यायला उद्या यमदूत आले, तर मामा आधी त्यांना बसायला पाट देतील, चहा टाकतील आणि मग विचारतील, "नाड कोणती हो तुमची?" दूताने चुकून उत्तर दिलं आणि तो अविवाहित निघाला, तर मामांचं जाणं निदान एक लग्नसराईभर लांबणार, याविषयी मला शंका नाही. ग्वाल्हेरात असा मराठी माणूस सापडायचा नाही, ज्याला मामांनी एकदा तरी त्याची नाड विचारलेली नाही. ज्यांना माहीत नसते त्यांना मामा स्वतः सांगतात. माझी मध्य आहे, हे मला माझ्या लग्नाआधी मामांकडूनच कळलं. तोवर मी ती नसल्यासारखाच जगत होतो.

पत्रिका जुळवताना नाड पाहतात. त्या तीनच: आद्य, मध्य आणि अंत्य. मुलाची आणि मुलीची एकच निघाली की ती एकनाड, आणि मग पुढचं बोलणं बंद. एकनाड म्हणजे एकच रक्त, एका रक्ताच्या जोडप्याला मूल होत नाही, असं मामांना त्यांच्या गुरुजींनी सांगितलेलं. त्यावर मामांनी सरकारी नोकरी सांभाळून ग्वाल्हेरपासून झाशी-इंदूरपर्यंतच्या मराठी घरांची लग्नं जमवली, आणि जमवली त्याच्या कितीतरी पट मोडली. सगळा कारभार तोंडी. कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे, कुणाचं गोत्र काय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पाटणकर बाजारात एकदा त्यांनी स्कूटर उलट्या बाजूने घातली आणि हवालदाराने अडवलं. मामांनी त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं मराठी आडनाव वाचलं. "बहीण आहे का रे लग्नाची?" हवालदार गांगरला. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले, आणि हा आपला सांगतोय, "है, अंकल, म्हणजे आहे. पण पत्रिका आईकडे आहे." पुढच्या वैशाखात त्या बहिणीचं लग्न झालं. अंतरपाट मामांनीच धरला. त्यांचा स्वतःचा अंतरपाट आहे, पांढराशुभ्र, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. तो कायम त्यांच्या पिशवीत असतो, जशी इतरांच्या पिशवीत छत्री असते. भटजींनी मंगलाष्टकं कितीही लांबवली तरी मामांचा हात हलत नाही. "एकमेकांना वेळेआधी बघता कामा नये," ते म्हणतात, "म्हणून तर आपण मध्ये उभे असतो."

अशा माणसाचा आणि रक्तदान, मज्जादान वगैरे गोष्टींचा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला मामींमुळे. काही वर्षांपूर्वी मामींच्या हाडांतल्या मज्जेने रक्त तयार करणं बंद केलं. दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कुणाची तरी जुळणारी मज्जा हवी. सख्खी भावंडं असली तर चांगलं. मामींची भावंडं आधीच गेलेली. मूलबाळ नव्हतंच. नोंदणी केलेल्या परक्या दात्यांमध्ये शोधलं, त्यातही कुणी सापडलं नाही. मामी गेल्या. आम्हाला वाटलं, मामा आता लग्नं जमवायचं सोडतील. त्यांनी सोडलं नाही. उलट आणखी एक काम मागे लावून घेतलं. जन्मभर वेगळी रक्तं जुळवणारा माणूस आता सारखी रक्तं शोधत फिरू लागला, आणि इथूनच सगळ्यांचा गोंधळ सुरू झाला, माझा सर्वांत जास्त.

त्यांनी कुठूनशी एक दात्यांची नोंदणी करणारी संस्था शोधून काढली आणि ओळखीच्या मंगल कार्यालयात शिबिर ठरवलं. लोकांना फोन गेले ते स्थळ सुचवल्यासारखे. निम्मे लोक लग्नाच्या मुलामुलींचा मेळावा समजून आले; दोन मुली तर नटून आल्या होत्या. संस्थेची मुलगी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुने घ्यायला बसली, तर मामांनी दारातच रांगा लावलेल्या: आद्यवाले इकडे, मध्यवाले तिकडे, अंत्यवाले खांबाजवळ.

"अंकल, ये क्या है?" तिने विचारलं.

"बेटी, आपका काम आसान कर दिया."

ती हसली. मग तिने समजावलं की मज्जेची जुळणी वेगळी असते, रक्तगटही एक लागत नाही, आणि परक्या माणसाशी जुळेल असा माणूस हजारो-लाखोंतून एखादाच निघतो. मामांचा चेहरा पडला. "तीनच तर नाडी आहेत," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "लाख कुठून आले?" मला स्वतःलाच मज्जा म्हणजे पाठीचा कणा वाटत होता.

मीही काडी फिरवून घेतली. खरं सांगायचं तर दोन कारणांनी: एक, बाहेर बेडईच्या पुऱ्या आणि आलूची भाजी होती आणि नमुना न देता ती खाणं बरं दिसलं नसतं, दुसरं, लाखातून एक हे ऐकून मला फार धीर आला होता. पुण्य पदरात पडणार आणि करायला काही लागणार नाही, असा हिशेब मी मनात केला. माझी बायको शुभा म्हणाली, "किती चांगलं काम केलंत!" मी नम्रपणे मान खाली घातली. त्या नम्रपणाची मला आजही लाज वाटते.

नंतर मामा कुणालाच सोडीनात. मुरारला आमच्या नात्यातल्या एका सुनेचं बाळंतपण होतं. मामांना कुठूनसं कळलेलं की बाळाच्या नाळेतलं रक्तही अशा आजाऱ्यांना चालतं. ते थेट दवाखान्यात जाऊन बसले. बाहेर पेढ्यांची वाटावाट चाललेली आणि मामा डॉक्टरीणबाईंना विचारतायत, "नाळेचं काय करणार? कुणाला देता येईल का?" बाईंनी शांतपणे सांगितलं की त्याची तयारी आधीपासून करावी लागते, रक्त गोळा करून ठेवायची सोय लागते, इथे ती नाही. बाळाची आजी मात्र भडकली. "मामा, काही तर लाज ठेवा! मूल आत्ता जन्मून राहिलंय आणि तुम्ही दान मागून राहिलात!" मामा ओशाळले. जाता जाता दारातून म्हणाले, "बरं, जन्मवेळ नीट लिहून घ्या हं."

आणि मग मला फोन आला.

त्याच संस्थेची मुलगी. देशात कुठेतरी एक आजारी बाई आहे, तिच्याशी माझं जुळतंय. नाव, गाव काही सांगता येणार नाही, तसा नियम आहे. मी तयार आहे का? माझ्या तोंडून "हो" गेलं. ते धैर्याने नाही, सवयीने. मी वीजखात्यात आहे आणि फोनवर तक्रार आली की आम्ही आधी हो म्हणतो. फोन ठेवून घरात सांगितलं. शुभाला वाटलं, मूत्रपिंड मागतायत. आमची कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर सगळं वाचून आली. "पापा, ऑपरेशन नाहीये. पाच दिन इंजेक्शन, मग मशीनवर बसायचं. एका हातातून ब्लड काढतात, त्यातल्या पेशी घेतात, बाकीचं दुसऱ्या हातातून वापस. बस, हो गया."

"बाकीचं नक्की वापस करतात ना?" शुभाने विचारलं.

मामांना कळलं आणि ते दौलतगंजातल्या त्यांच्या घरून स्कूटरवर मुरारला आमच्याकडे आले, हातात गोड इमरतीची पुडी. "जावईबापू! बात पक्की!" असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली. मग बसून चौकशी सुरू केली: कुठली बाई? कुणाकडची? मी सांगितलं, काही कळणार नाही. झालं तरी खूप दिवस कळणार नाही. हे त्यांच्या पचनी पडेना. स्थळाची माहिती नाही आणि होकार द्यायचा? इमरती हातात धरून ते कितीतरी वेळ विचार करत राहिले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अंतरपाट!" ते म्हणाले. "अंतरपाट धरलाय त्यांनी. बरोबर आहे. वेळेआधी बघता कामा नये."

माझी तपासणी झाली. मी मनातल्या मनात रक्तदाबावर भिस्त ठेवून होतो. तो नेमका त्या दिवशी उत्तम निघाला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही अगदी ठणठणीत आहात," आणि आयुष्यात पहिल्यांदा ही बातमी ऐकून माझं तोंड कडू झालं. तारीख ठरली. फोनवरच्या मुलीने एक गोष्ट फार स्पष्ट सांगितली: तारखेच्या आधी तिकडे त्या बाईला औषधं देऊन तिची स्वतःची मज्जा पूर्ण रिकामी करतात. त्यानंतर मी माघार घेतली तर तिच्याजवळ काहीच उरणार नाही. ती वाचणार नाही. "नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा सर, आम्ही समजू," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही नाही." यातल्या कुठल्या 'नाही'चा अर्थ काय होता, ते तिलाही कळलं नसेल.

मामांना हे सांगितलं तर ते गंभीर झाले. "म्हणजे तिकडे हळद लागणार. हळद लागल्यावर मुलगा मागे फिरला तर त्या मुलीचं काय होतं, मी बघितलंय." मग त्यांनी तारीख विचारली, पंचांग काढलं आणि मटकन खाली बसले. पितृपक्ष! एवढं मंगल कार्य आणि पितृपक्षात? त्यांनी माझ्याच मोबाइलवरून त्या मुलीला फोन लावला.

"बेटी, घटस्थापना के बाद नहीं हो सकता क्या? थोडे ही दिन की तो बात है."

मी कान देऊन ऐकत होतो, आणि मामांची अडचण हीच माझी सुटका होईल अशी आशा धरून होतो.

"अंकल," पलीकडून आवाज आला, "पेशंट के पास इतना टाइम नहीं है."

मामांनी फोन मला परत दिला. पंचांग मिटलं. "मग राहू दे मुहूर्त," ते एवढंच म्हणाले.

पण मी काही शूर झालो नव्हतो. इंजेक्शनं सुरू व्हायला थोडे दिवस उरले, तशी माझी भीती वाढत गेली. आंघोळ करताना मी स्वतःची हाडं चाचपून पाहू लागलो. वाटायचं, कोण कुठली बाई, तिचा माझा काय संबंध. लगेच वाटायचं, मी किती हलका माणूस आहे. मुलगी म्हणाली, "पापा, डर लग रहा है तो बोल दो ना." शेवटी ठरवलं, आधी मामांना सांगायचं आणि मग संस्थेला कळवायचं, तिकडची औषधं अजून सुरू झाली नव्हती. एका सकाळी मी एकटाच दौलतगंजात गेलो. जिना चढताना वाक्य जुळवलं: मामा, मला जमणार नाही. दार उघडंच होतं. आत पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, समोर केळीचं पान. मामा सोवळं नेसून स्वयंपाकघरातून बाहेर आले, घामाने निथळत.

"या! शुभाचा फोन आला, तुम्ही इकडेच येऊन राहिलात म्हणून. म्हटलं, केळवण आजच उरकू."

"केळवण?"

"म्हणजे काय! लग्नाआधी घरच्यांनी जेवायला घालायचं की नाही? बसा."

मी बसलो. त्यांनी मसालेभात केला होता. खाली थोडा लागला होता. मठ्ठा केला होता. जिलबी विकतची होती, आणि तशी ती आहे हे त्यांनी तीनदा सांगितलं. ते समोर बसून वारा घालत राहिले, पंखा चालू असताना. मी भात नुसता कालवत राहिलो. माझं वाक्य अजून बाहेर पडायचंच होतं. हात धुवायला उठलो, त्यांनी तांब्यातून पाणी घातलं, आणि मी खाली पाहून म्हणालो, "मामा, मला भीती वाटते. मी नाही म्हणून सांगावं म्हणतो."

हातावर पाण्याची धार तेवढी चालू राहिली. तांब्या रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "आमची एकनाड होती."

मला कळेना.

"माझी नि तुमच्या मामींची. दोघांची अंत्य. गुरुजी मला म्हणाले, मोडून टाक. पण मी तिला बघून आलो होतो ना!" ते किंचित हसले. "मी वडिलांना खोटंच सांगितलं, नाड वेगळी आहे म्हणून. मग मूल झालं नाही. ती कधी बोलली नाही, पण मला वाटायचं, माझ्यामुळे. एकच रक्त, म्हणून. त्यानंतर मी कुणाचं एकनाडीचं होऊ दिलं नाही. लोक म्हणाले, मामा फार कडक."

त्यांनी पंच्याने माझे हात पुसले, लहान मुलाचे पुसावेत तसे.

"मग ती आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, सारखं रक्त असलेला माणूस हवा. जावईबापू, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, हा काय मी उभा आहे! एकनाड! डॉक्टर म्हणाले, नवऱ्याचं सहसा जुळत नाही, आणि तुमचं वयही झालंय. मी हट्टाने तपासायला लावलं." त्यांनी पंचा झटकला. "काही म्हणजे काहीच जुळलं नाही. मी तिला परका निघालो. मला अजून समजत नाही. रक्त एक नव्हतं, तर मूल का नाही झालं? आणि एक होतं, तर मग ती का गेली?"

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मामा पान उचलायला वाकले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुमचं जुळलंय. न मागता. पण भीती वाटते तर नाही म्हणा. मी रागावणार नाही. केळवण जेवलात म्हणून काही बांधले जात नाही कुणी."

मी नाही म्हटलं नाही. घरी येऊन शुभाला म्हणालो, बॅग भर.

इंजेक्शनांनी कंबर आणि मांड्या ठणकल्या, ताप यायच्या आधी ठणकतात तशा. मामा रोज येऊन विचारायचे, "हळद कशी आहे?" पेशी द्यायला दिल्लीला जाताना ते स्टेशनवर हजर, अंगात लग्नाचा कोट, खांद्याला पिशवी. शुभा गोंधळून म्हणाली, "मामा, तुम्ही कसे? परवा अविधवा नवमी आहे." नवरा मागे ठेवून गेलेल्या बायकांचा तो दिवस. मामी गेल्यापासून त्या दिवशी मामा स्वतः पुरण घालून एका सवाष्णीला जेवू घालतात, साडी देतात. घर सोडून कुठे जात नाहीत. ते म्हणाले, "सवाष्ण काय, दिल्लीत मिळत नाही?"

मिळाली. माझ्या दोन्ही हातांत सुया होत्या, यंत्र घुरघुरत होतं, आणि मामा माझ्या डोक्यामागे उभे होते, लग्नात मुलीच्या मागे मामा उभा राहतो तसे. बसा म्हटलं तरी बसेनात. केरळची एक परिचारिका यंत्र बघत होती. मामांनी तिचं कपाळ पाहिलं, गळा पाहिला, गळ्यात क्रॉस होता. त्यांना काही अंदाज लागेना.

"बेटी, शादी हुई है?"

मी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे नाड विचारणार.

"हुई है, अंकल. दो बच्चे हैं."

"फिर खाना मेरे साथ खाना है." तिची ड्यूटी संपल्यावर मामांनी बाहेरच्या बाकावर डबा उघडून तिला पुरणपोळी वाढली आणि पिशवीतून साडी काढून दिली. शुभा सांगते, ती मुलगी साडी हातात घेऊन गोंधळलेली उभी होती आणि मग एकाएकी मामांच्या पाया पडली. मामांना कोणता आशीर्वाद द्यावा ते सुचेना. शेवटी म्हणाले, "खुश रहो, खाते रहो."

पिशवीत जमलेल्या माझ्या पेशी, पातळ टोमॅटोच्या साराच्या रंगाच्या, एका पेटीत गेल्या. पेटी घेऊन एक माणूस निघाला. मामा त्याच्यामागे लिफ्टपर्यंत गेले. मला वाटलं, गाव विचारतील. पण त्यांनी त्याला काही विचारलं नाही. लिफ्टचं दार मिटेपर्यंत हात जोडून उभे राहिले आणि मग कोटाच्या बाहीने नाक पुसत परत आले. "पाठवणी अशीच असते," ते मला म्हणाले. "तुम्ही पडून राहा."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी बरा आहे. चार दिवसांत कामावर गेलो होतो, हे सांगताना संकोच वाटतो, कारण आधी मी किती घाबरलो होतो ते वर लिहिलंच आहे. त्या बाईचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. फोन करून विचारलं तर गोड आवाजात सांगतात, कळवण्यासारखं असेल आणि नियमात बसेल तेव्हा कळवू. कळवण्यासारखं म्हणजे काय, याचा विचार मी करायचं टाळतो. मामा अजून लग्नं जमवतात. मात्र हल्ली कुणी एकनाड निघाली म्हणून घाबरून आलं, की ते पंचांग मिटून ठेवतात आणि मग विचारतात, "मुलगी बघून आलात ना? आवडली का?" लोक चक्रावून जातात. मामांचं वय झालं, म्हणतात.

यंदाच्या अविधवा नवमीला त्यांनी आम्हाला दौलतगंजात बोलावलं. सवाष्ण म्हणून शुभाच होती. मी पानं मांडत होतो. मामा स्वयंपाकघरातून ओरडले, "आज दोन पानं मांडा हो, जावईबापू. एक तुमच्या तिकडच्या बाईंचं." मी मांडलं. पाणी फिरवलं, रांगोळीची रेघ ओढली. मामा कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन बाहेर आले आणि दुसऱ्या पानाशी येऊन थबकले. पळी हातात तशीच राहिली. मग त्यांनी पातेलं घाईने खाली ठेवलं, वाकून ते पान उचललं आणि रांगोळीची रेघ स्वतःच्या पंच्याने पुसून टाकली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आजचं पान गेलेल्यांचं असतं. तिचं दिवाळीला मांडू."